करपा, तांबेरा की कीड?

प्रश्न असा: आयर्लंडमधल्या १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळावर लिहिताना ‘कीड लागली’ म्हणावं, ‘तांबेरा पडला’ म्हणावं की ‘करपा आला’?

कीड आधी बाजूला काढू. अळी, मावा, खोडकिडा ही कीड. तिथे कुणी काही कुरतडलं नव्हतं. तांबेराही नाही. तांबेरा पडलेल्या गव्हाच्या पानावर बोट फिरवलं की विटकरी भुकटी बोटाला लागते; नावात तांबं आलं ते त्या रंगामुळे. (भाषांतरात याचा ‘गव्हाचा गंज’ झालेला पाहिला की माझं डोकं फिरतं. गंज लोखंडाला चढतो हो!)

उरला करपा, आणि तोच बरोबर. दूध करपतं, त्यातलंच हे करपणं. पानावर आधी पाण्यात भिजल्यासारखा डाग दिसतो, मग तो काळपट होत पसरतो. दमट हवेत पान उलटून पाहिलं तर डागाच्या कडेने पांढरी लव. हवा गार आणि ओली राहिली, तर आठवड्या-दोन आठवड्यांत उभं शेत आगीतून काढल्यासारखं होतं. पानांवरचे बीजाणू पावसाबरोबर मातीत उतरतात आणि बटाटे जमिनीतच सडतात. आयर्लंडमधल्या गरिबाचं पोट बटाट्यावरच चालायचं, त्यातही बहुतेकांकडे ‘लंपर’ ही एकच जात. कंदापासून कंद लावत आलेली, त्यामुळे रोगापुढे सगळी झाडं सारखीच दुबळी. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसं दगावली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. (त्या वर्षांतही तिथलं धान्य बाहेर जातच होतं, सगळा दोष करप्यावर टाकू नये.)

मात्र ‘करपा’ हे दिसण्याचं नाव आहे, कारणाचं नव्हे. भाताचा करपा बुरशीने येतो, भाताचाच कडाकरपा जिवाणूंमुळे. बटाट्यावर हा करपा आणणारा जीव ‘फायटोप्थोरा इन्फेस्टन्स’ दिसायला बुरशी, पण नात्याने तपकिरी शेवाळांच्या जवळचा. शिवाय बटाट्यावर लवकर येणारा करपाही असतो, वर्तुळात वर्तुळं असलेल्या डागांचा. तो वेगळा रोग. म्हणून लेखात पहिल्यांदा ‘उशिरा येणारा करपा’ असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं ‘करपा’ चालेल. आणि क्रियापद जपा: करपा ‘येतो’ किंवा ‘पडतो’, ‘लागते’ ती कीड.