अवघड कॉन्फरन्समध्ये जाणं परवडतं का? रटगर्सचा हिशोब

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतली कॉलेजं बरी चाललेली, झेपणारी कॉन्फरन्स (खेळांसाठी केलेला कॉलेजांचा गट) सोडून जास्त तगड्या कॉन्फरन्समध्ये जातात, तिथे सपाटून मार खातात, मग यातून त्यांना खरंच काही मिळतं का?

मिळतं. पण पैसा फार उशिरा मिळतो आणि मार पहिल्याच हंगामापासून बसतो. शिवाय ज्या खेळासाठी कॉलेज तिकडे धाव घेतं, त्याच खेळात भलं होईल असं काही नाही.

मी 2003 पासून न्यू जर्सीत एडिसनला राहतो. रटगर्स विद्यापीठाचं स्टेडियम शेजारच्या पिस्काटवेत आहे, घरून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. आमच्याकडची कितीतरी मराठी मुलं तिथेच शिकतात, माझी मुलगीही तिथेच शिकली. त्यामुळे रटगर्सचं बिग टेन या तगड्या कॉन्फरन्समध्ये जाणं मी अगदी जवळून पाहिलंय, आणि उत्तरही त्यावरूनच देतो.

कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. हा गट सामन्यांचे टीव्ही हक्क एकत्र विकतो आणि आलेला पैसा वाटून घेतो. कॉलेजं कॉन्फरन्स का बदलतात, ते या दुसऱ्या वाक्यात आहे.

रटगर्स हे फुटबॉलमधलं जुनं घराणं. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल.) 6 नोव्हेंबर 1869 ला न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्सने प्रिन्स्टनला 6-4 हरवलं, तो दोन कॉलेजांमधला पहिला फुटबॉल सामना मानला जातो. पण पुढची शंभर-सव्वाशे वर्षं या खेळात त्यांची फारशी दखल कोणी घेतली नाही. खरी जाग आली ती 2006 मध्ये. ग्रेग शियानो प्रशिक्षक होते, टीम बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये होती. 9 नोव्हेंबरच्या रात्री देशात तिसऱ्या नंबरवर असलेल्या लुईव्हिलला त्यांनी 28-25 हरवलं आणि हंगाम 11-2 असा (11 विजय, 2 पराभव) संपवला. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात, किराणा दुकानात, जिथे जाल तिथे रटगर्सच्या लाल टोप्या दिसत होत्या.

नोव्हेंबर 2012 मध्ये बिग टेनने रटगर्स आणि मेरीलँड या दोघांना बोलावलं. बिग टेनला रटगर्सच्या फुटबॉलचं फार अप्रूप होतं असं मला वाटत नाही. त्यांना हवी होती न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीतली केबलची घरं. बिग टेनचं स्वतःचं चॅनेल 2007 पासून चालू होतं. ज्या राज्यात कॉन्फरन्सचं कॉलेज आहे, तिथल्या केबल कंपनीकडून त्या चॅनेलला दर घरामागे कितीतरी जास्त पैसे मिळायचे. म्हणजे आमच्यासारख्या, तो सामना कधी न बघणाऱ्या घरांतूनही महिन्याला पैसे जाणार होते. रटगर्सने जुन्या कॉन्फरन्सला 1 कोटी 15 लाख डॉलर देऊन सोडचिठ्ठी घेतली आणि 1 जुलै 2014 ला ते बिग टेनचे झाले.

पहिला हंगाम छान गेला. मिशिगनला घरच्या मैदानावर 26-24 हरवलं, एकूण 8-5. सगळ्यांना वाटलं, जमलं की हे. मग उतरण लागली. रटगर्सला जो विभाग मिळाला होता त्यात ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट आणि मिशिगन स्टेट, म्हणजे दरवर्षी हे चौघे समोर उभे. पहिल्या तिघांची स्टेडियम लाखाच्या वर माणसं बसवणारी, रटगर्सचं साडेबावन्न हजारांचं. 2016 मध्ये या चौघांशी झालेले निकाल मला अजून तोंडपाठ आहेत: 58-0, 78-0, 39-0, 49-0. चार सामन्यांत 224 गुण दिले आणि स्वतःचा एकही झाला नाही. मिशिगनविरुद्धच्या त्या 78-0 च्या सामन्यात रटगर्सने मिळून 39 यार्ड काढले होते. मैदान शंभर यार्डांचं असतं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं ती. शेवटपर्यंत पळत होती, आणि आम्ही वरून बघणारे एकमेकांकडे न बघता बसून होतो.

आता पैशाचं. बाहेरच्या लोकांना वाटतं, बिग टेनमध्ये गेलं की दुसऱ्या दिवशी तिजोरी भरते. तसं नसतं. रटगर्सला पहिली सहा वर्षं पूर्ण वाटा नव्हताच, जुन्या सभासदांच्या मानाने तुटपुंजीच रक्कम मिळत होती. खर्च मात्र पहिल्या वर्षापासून बिग टेनच्या तोलाचा: प्रशिक्षकांचे पगार, सरावाच्या इमारती, विमानप्रवास. मग पुढे येणाऱ्या पैशाच्या भरवशावर उचल घेतली गेली आणि ती त्या येणाऱ्या वाट्यातूनच वळती होत राहिली. 2020-21 या वर्षात, करोनामुळे मैदानं रिकामी असताना, खेळ विभागाची तूट 7 कोटी 30 लाख डॉलरच्या आसपास गेली. ही तूट विद्यापीठाच्या तिजोरीतून, विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि कर्जातून भरली जाते. एप्रिल 2023 मध्ये तिथल्या प्राध्यापकांनी संप केला, विद्यापीठाच्या 257 वर्षांतला पहिला. संपाची कारणं पगार आणि कंत्राटी नोकऱ्यांची होती, पण खेळांवर चाललेल्या खर्चाबद्दलची चीड मला भेटलेल्या प्रत्येक शिक्षकाच्या बोलण्यात होती. ती मला रास्त वाटते.

दुसरी बाजूही आहे. 2022 मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही कंपन्यांबरोबर सात वर्षांचा, 7 अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. 2023-24 या वर्षात सभासदाला 6 कोटी डॉलरच्या घरात रक्कम मिळाली. जुन्या कॉन्फरन्समध्ये हा आकडा स्वप्नातसुद्धा आला नसता. पण लगेच नवा खर्चही दारात येऊन उभा राहिला. जुलै 2025 पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. शिवाय 2024 पासून कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टनमधली कॉलेजंही बिग टेनमध्ये आली आहेत. पिस्काटवेच्या व्हॉलीबॉलच्या मुली आता लीगच्या सामन्यासाठी पाच-सहा तास विमानात बसून लॉस एंजेलिसला जातात आणि परत येऊन परीक्षा देतात.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग हा तोट्याचाच सौदा झाला. मीही 2016 पर्यंत हेच म्हणत होतो. माझं मत बदललं ते कुस्तीमुळे.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. लहानपणी गावातल्या तालमीत होतो, आणि आमच्यातला एक चांगला पोरगा वस्तादांनी शहरातल्या मोठ्या तालमीत पाठवला तेव्हाचं मला आठवतं. गावात त्याच्या पाठीला कोणी माती लावली नव्हती. शहरात पहिले सहा महिने तो रोज चीत होत होता. सुट्टीला आला की मान खाली घालून बसायचा. वर्षाने आला तेव्हा त्याची पकडच वेगळी झाली होती. मनगट धरलं की सुटायचं नाव नाही. डाव तेच, गावात शिकलेले. फक्त तगड्या जोडीदाराबरोबर रोज लढून त्यांना धार आली होती.

न्यू जर्सी हे अमेरिकेतलं कुस्तीचं राज्य आहे. इथल्या हायस्कूलच्या कुस्त्यांना गर्दी होते, गावागावात वर्षानुवर्षांची खुन्नस असते. पण चांगली पोरं कॉलेजला पेनसिल्व्हेनियात किंवा आयोवात निघून जायची, कारण खरी कुस्ती बिग टेनमध्ये होती आणि रटगर्स तिथे नव्हतं. 2014 नंतर ते तिथे आलं. मग घरापासून अर्ध्या तासावर राहून, आईबापांच्या डोळ्यांदेखत, देशातल्या सगळ्यात तगड्या पैलवानांशी लढता यायला लागलं.

19 नोव्हेंबर 2016 चा दिवस मला विसरता येणार नाही. त्याच फुटबॉल स्टेडियमच्या मधोमध मॅट अंथरली होती आणि रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन अशी उघड्यावर कुस्ती होती. 16 हजारांवर लोक आले होते. एवढ्या मोठ्या मैदानात ती मॅट रुमालाएवढी दिसत होती. माझ्या पुढच्या रांगेत एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता, कान चुरगळलेल्या त्याच्या बापाशेजारी. पैलवानाने पट काढला की तो मुलगा दोन बोटं वर करून ‘टू! टू!’ ओरडायचा, कारण तेव्हा त्याचे दोन गुण मिळायचे. आणि त्याच्याबरोबर सगळं स्टेडियम दोन बोटं वर करत होतं. खासबागेत पैलवान खाली गेला की जो हुंकार उठतो, तो मी त्या दिवशी परक्या देशात ऐकला. ती लढत रटगर्सने जिंकली. त्याच रात्री, त्याच मैदानावर फुटबॉलची टीम पेन स्टेटकडून 39-0 हरली.

पुढे मार्च 2019 मध्ये पिट्सबर्गला राष्ट्रीय स्पर्धेत रटगर्सचे दोन पैलवान विजेते झाले: 133 पौंडात निक सुरियानो आणि 149 पौंडात अँथनी अ‍ॅशनॉल्ट. त्याआधी रटगर्सच्या इतिहासात एकही राष्ट्रीय विजेता नव्हता. दोघेही न्यू जर्सीचेच. सुरियानो तर पेन स्टेटला जाऊन तिथून परत आलेला. आणि अ‍ॅशनॉल्ट साऊथ प्लेनफील्डचा, म्हणजे आमच्या शेजारच्या गावचा. तो चार वेळा बिग टेनचा विजेता झाला.

मग हेच फुटबॉलमध्ये का झालं नाही? न्यू जर्सीत फुटबॉल खेळणारी चांगली पोरं कमी नाहीत. माझ्या मते हे साधं गणित आहे. कुस्तीत दहा वजनगट. घरची दोन-तीन अव्वल पोरं थांबली तर सगळी टीम बदलते. फुटबॉलला अशी पन्नास लागतात, आणि त्या पन्नासांना ओहायो स्टेटची लाखभर प्रेक्षकांची हाक येते. रटगर्सला ओहायो स्टेटला आजवर एकदाही हरवता आलेलं नाही. शियानो 2019 च्या डिसेंबरमध्ये परत आल्यावर टीम सावरली, 2023 आणि 2024 मध्ये 7-6 झाली. तेवढीच.

बास्केटबॉल या दोन्हींच्या मध्ये बसतं. टीममध्ये पाच जण, म्हणून लवकर फळ येतं: 2021 मध्ये तीस वर्षांनी रटगर्स राष्ट्रीय स्पर्धेत पोचलं, त्याच डिसेंबरात रॉन हार्पर ज्युनियरने जवळपास मैदानाच्या मध्यावरून शेवटच्या क्षणी चेंडू टाकून पहिल्या नंबरच्या पर्ड्यूला 70-68 हरवलं. पण भरवसा नाही. 2024-25 मध्ये त्यांच्याकडे डिलन हार्पर आणि एस बेली होते, दोघे पुढे एनबीएच्या (व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) निवडीत दुसरे आणि पाचवे आले, तरी हंगाम 15-17.

म्हणून मला कोणी विचारलं तर मी आधी एवढंच बघेन की त्या कॉलेजच्या आजूबाजूला कोणत्या खेळाची माती आहे, आणि नवी कॉन्फरन्स त्या खेळात तगडी आहे का. कनेटिकट विद्यापीठाने 2019 मध्ये बास्केटबॉलसाठी बिग ईस्टमध्ये परत जायचं ठरवलं, फुटबॉल बाजूला, कुठल्याच कॉन्फरन्सविना एकटं ठेवलं, आणि 2023 व 2024 अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांचे पुरुष राष्ट्रीय विजेते झाले. उलट जागेवर बसून राहणंही फुकट नसतं. 2024 मध्ये पॅक-12 या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्समधून दहा कॉलेजं निघून गेली तेव्हा वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट ही दोनच मागे उरली. टेक्सासमधल्या एसएमयू विद्यापीठाने तर एसीसी या मोठ्या कॉन्फरन्समध्ये शिरण्यासाठी नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलं. त्यांचे देणगीदार गडगंज आहेत म्हणून ते जमलं, आणि पहिल्याच हंगामात ते कॉन्फरन्समध्ये 8-0 झाले. प्रत्येकाकडे तसे देणगीदार नसतात.

रटगर्सने गेलं ते बरंच केलं, असं मी आज म्हणतो. पण फायदा कोणाला झाला हे विचारताना एक गोष्ट सोडू नका. 2006 च्या जुलैत, लुईव्हिलच्या त्या रात्रीच्या चारच महिने आधी, राज्याचं अनुदान घटलं म्हणून रटगर्सने सहा खेळांच्या टीम बंद करायचं जाहीर केलं होतं: पुरुषांचं पोहणं, टेनिस, रोइंगच्या दोन टीम आणि तलवारबाजीच्या दोन. फुटबॉलवरचा खर्च मात्र वाढत गेला. त्यानंतर बिग टेन आली, अब्जांचे करार आले. त्या सहा टीम अजून परत आलेल्या नाहीत.