अवतरणचिन्हांतली आज्ञा

प्रश्न : मी 'आर' या प्रोग्रॅमिंग भाषेत विदा-विश्लेषण शिकत आहे. माझ्याकडे बारा महिन्यांच्या नोंदींचे 'नोंद१' ते 'नोंद१२' असे बारा तक्ते आहेत. प्रत्येकातील 'तापमान' या स्तंभाची सरासरी काढण्यासाठी मी लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या रचनेत, मजकुराचे तुकडे जोडणारे 'पेस्ट०' वापरून आज्ञेची ओळ जुळवतो, ती आज्ञा चालवणाऱ्या 'इव्हॅल'ला देतो आणि निकाल 'प्रिंट' करतो. परंतु सरासरीऐवजी तीच ओळ अवतरणचिन्हांसह छापली जाते. माझे काय चुकते?

उत्तर : 'इव्हॅल' आपले काम चोख करते आहे. आपण त्याला दिला तो मजकूर, आणि आरच्या लेखी मजकुराचे मूल्य म्हणजे तो मजकूरच. अवतरणचिन्हांत "२ + ३" लिहून दिले तर ५ मिळत नाहीत, "२ + ३" हेच परत येते. मजकुराची आधी आज्ञा व्हावी लागते, आणि ते काम 'पार्स'चे आहे. येथेही एक खाचखळगा आहे : 'पार्स'चा पहिला आर्ग्युमेंट (कंसात दिली जाणारी पहिली माहिती) फाइलचे नाव असतो, त्यामुळे ओळ नुसतीच दिली तर ते त्या नावाची फाइल शोधू लागते आणि ती उघडता येत नाही म्हणून एरर देते. म्हणून 'इव्हॅल(पार्स(टेक्स्ट = ओळ))' असे लिहावे. ओळीत अनेक आज्ञा असल्यास सगळ्या चालतात, हाती मात्र शेवटचीच किंमत येते. एकच आज्ञा असेल तर २०१९ च्या ३.६.० आवृत्तीपासून 'पार्स'ऐवजी 'स्ट्र२लँग' हे सुटसुटीत फंक्शनही उपलब्ध आहे.

आपले काम एवढ्याने होईल. तरीही मी हा मार्ग सुचवणार नाही. मजकुरात दडलेली टंकनातली चूक एडिटरला दिसत नाही, ती प्रोग्रॅम चालवल्यावरच उघड होते. स्तंभाचे नाव 'कमाल तापमान' असे दोन शब्दांचे निघाले, तर तक्त्याच्या नावानंतरच्या डॉलर चिन्हापुढे ते नुसतेच जोडून केलेली ओळ 'पार्स'लाच उमगत नाही. शिवाय ओळीचा काही भाग बाहेरून, म्हणजे कोणी भरलेल्या फॉर्ममधून येत असेल, तर त्यात फाइल पुसून टाकणारी आज्ञाही येऊ शकते आणि 'इव्हॅल' तीही निमूटपणे पाळते.

खरी अडचण बारा सुट्या नावांची आहे. 'एमगेट(पेस्ट०("नोंद", १:१२))' लिहिले की बाराही तक्ते एका लिस्टमध्ये येतात (फाइल वाचतानाच ते लिस्टमध्ये ठेवले असते, तर हाही खटाटोप वाचला असता), आणि मग लिस्टमधल्या प्रत्येक घटकावर तेच फंक्शन चालवणाऱ्या 'एसअप्लाय'च्या एका ओळीत बारा सरासऱ्या मिळतात. स्तंभाचे नाव मजकुराच्या रूपात असेल तर तक्त्याच्या नावापुढे दुहेरी चौकटी कंसात, म्हणजे [[ ]] मध्ये, ते जसेच्या तसे, मधल्या मोकळ्या जागेसकट चालते. संख्याशास्त्रीय प्रतिमानाचे (मॉडेलचे) सूत्र स्तंभांच्या नावांवरून बांधायचे असल्यास 'रिफॉर्म्युलेट' हे फंक्शन आहेच. गणिताची सूत्रेच मजकूर म्हणून साठवलेली असतील आणि ती आपण स्वतः लिहिलेली असतील, तर मात्र 'पार्स' खुशाल वापरावे.