नदीकाठ सोडून बेळगावात आलेल्या ताईला

ताई, 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा मीही अथणीकडून दोन लेकरं घेऊन इथं आले. नवरा आधीच गेलेला. सगळं एकदम सांगत नाही, सुरुवातीचं तेवढं बघ.

पहिलं रेशन कार्ड. त्यावर कुटुंबप्रमुख तूच हवीस. मी सासूबाईंच्या कार्डातच राहिले, आणि 2023 ला कुटुंबप्रमुख बाईला मिळणारे सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रुपये सुरू झाले तेव्हा हेलपाटे मारत बसले. अर्ज कन्नडमध्ये असतात. शेजारच्या शाळकरी पोरीकडून भरून घे, लाजू नको.

शाळेसाठी टीसीची, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याची, वाट बघू नको. टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्यातच आहे. सरकारी शाळेत दुपारचं जेवणही मिळतं, तो घास मोठा असतो बघ.

नवख्या बायका हमखास चुकतात ते दोन ठिकाणी:
- मूळ कागद कुणाच्या तरी हातात देतात. झेरॉक्स दे. माझ्या धाकट्याचा जन्मदाखला पुरात भिजला, तव्याजवळ धरून वाळवला, तर नावातला फक्त 'श' उरला. तेव्हापासून कागद पत्र्याच्या डब्यात, डबा माळ्यावर.
- पहिल्याच महिन्यात आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज उचलतात. आधी काम बघ. शहापूर-वडगावात मागवाल्या विणकरांकडं सुताच्या कांड्या भरायचं काम मिळतं. पैसे थोडेच, पण पोरं डोळ्यासमोर राहतात.

सरकारी बसला कर्नाटकच्या पत्त्याचं आधार दाखव, बायकांच्या शक्ती योजनेत तिकिटाला पैसे पडत नाहीत. पेन्शनचं नंतर सांगते, आधी कार्डाचं उरक.