कलम १४ प्रमाणे सर्व समान असतील, तर आरक्षण हा अन्याय नाही का?

नाही. कलम १४ वाचून थांबलात म्हणून हा प्रश्न पडला; मागास वर्गांसाठी सरकारी नोकरीत जागा राखून ठेवू देणारे कलम १६(४) तेवढेच घटनेचे आहे, आणि ते समतेला अपवाद नसून समतेचाच भाग आहे, हे १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. आमच्या कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजीच, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्यांना देण्याचा हुकूम काढला होता.

मी १९८६ साली एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. रुजू झालो त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी बशीत चहा ओतता ओतता, ‘तुमचं बरं असतं, तुम्हाला अभ्यास कुठे करावा लागतो,’ असे सर्वांसमक्ष म्हटले. माझी निवड खुल्या जागेवर झाली होती. मागास वर्गातील उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या यादीत आला, तर तो राखीव जागेत मोजला जात नाही, हा नियम त्या कचेरीतल्या प्रत्येकाला ठाऊक होता. तरीही पुढची ३१ वर्षे, माझ्या हातून टिपणी चुकली की ती जातीची चूक ठरे आणि त्यांची चुकली की कामाच्या ताणाची. सायक्लोस्टाइल केलेली ती निवड यादी, शाई फिकट झाली तरी, मी अजून जपून ठेवली आहे. अर्थात राखीव जागेवर लागलो असतो, तरी मला लाज वाटण्याचे कारण नव्हते.

तेच गृहस्थ २०१९ नंतर एकदा रंकाळ्यावर भेटले. १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के जागा मिळाल्या होत्या आणि त्यांना नातवासाठी दाखला हवा होता. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेतजमीन पाच एकरांहून कमी लागते, हे मीच त्यांना समजावून सांगितले. चहाची आठवण काढली नाही. काढायला हवी होती, असे आता वाटते.

एक मात्र कबूल करतो. माझ्या मुलाला घरात पुस्तके आणि शिकवणी दोन्ही मिळाली, म्हणून त्याने खुल्या जागेचाच अर्ज भरावा, असे मी त्याला सांगितले. पण हा आमच्या घरातला निर्णय आहे. तो दाखवून दुसऱ्या कोणाचा हक्क काढू नका. आणि सहकाऱ्याबद्दल तसे बोलण्यापूर्वी निदान त्याची निवड यादी तरी मागून पाहा.