‘व्यायाम केला की छाती धडधडते, मग करू कसा?’

“मॅडम, डॉक्टर म्हणतात चाला, नवरा म्हणतो चाला, मोबाइल उघडला की तिथेही तेच. पण दोन मजले चढले की छाती धडधडते आणि मग ते सगळं पुन्हा सुरू होतं. व्यायाम माझ्यासाठी नाहीच बहुतेक.”

नौपाड्यात राहणाऱ्या आणि ऐरोलीला नोकरीला जाणाऱ्या, अडतिशीतल्या एका बाईंची ही तक्रार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काही महिन्यांपूर्वी संध्याकाळच्या गर्दीत ठाणे स्टेशनच्या पुलावर त्यांना पहिला पॅनिक अटॅक आला. धडधड, दम कोंडणं, ओठांना आणि बोटांना मुंग्या, ‘आता मी जाते’ अशी खात्री. दवाखान्यात नेलं, ईसीजी व्यवस्थित निघाला. पण त्या दिवसापासून पूल नको म्हणून ट्रान्स-हार्बरची लोकल त्यांनी सोडून दिली आणि बस धरली. चार मजल्यांसाठी लिफ्टची वाट बघणं आलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, तू नको उचलूस, मी आणते भाजी.” सगळं मायेनंच चाललं होतं. परिणाम मात्र असा झाला की धडधड होईल असं काही त्यांच्या दिवसात उरलंच नाही. शरीराची सवय मोडली, थोड्या श्रमानेही नाडी पूर्वीपेक्षा जास्त पळू लागली आणि भीतीला रोज नवा पुरावा मिळत गेला.

अशा वेळी नुसतं ‘रोज अर्धा तास चाला’ सांगून भागत नाही. इथे व्यायामाचं पहिलं काम मेंदूला एक गोष्ट शिकवणं हे असतं: हृदय जोरात चालणं म्हणजे संकट नव्हे. मेंदूतल्या अमिग्डाला या भागाने पुलावर धडधड आणि धोका यांची गाठ बांधून टाकलेली असते. ती गाठ समजावून सुटत नाही, धडधड अनुभवूनच सैल होते.

त्याआधी तपासणी हवीच. फॅमिली डॉक्टरांकडून रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड पाहून घ्यावं. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते. श्रमाने छातीत दाब येऊन विश्रांतीने कमी होत असेल, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, चालताना शुद्ध हरपली असेल किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत पुढचं काहीही करू नये. या बाईंच्या तपासण्या ठीक होत्या.

पहिला प्रयोग समुपदेशनाच्या खोलीतच झाला. जागच्या जागी, गुडघे कमरेपर्यंत उचलत एक मिनिट चालायचं. सुरू करण्याआधी कागदावर लिहायचं, ‘काय होईल असं वाटतं?’ त्यांनी लिहिलं, ‘चक्कर येऊन पडेन. भीती दहापैकी आठ.’ मिनिट संपलं, कपाळावर घाम आला, नाडी दाखवणारं घड्याळ बघायला हात आपोआप मनगटाकडे गेला. ते घड्याळ आधीच पर्समध्ये ठेवायला सांगितलं होतं. खुर्चीवर न बसता, पाणी न पिता, तशाच उभ्या राहून त्यांनी धडधड ओसरू दिली. मग दुसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘पडले नाही.’ असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी भीतीचा आकडा पाचवर आला. नाडी तेवढीच पळत होती, भीती मात्र कमी झाली होती, आणि नेमका हाच फरक त्यांना कळायला हवा होता.

पुढे दिवसाआड सोसायटीचा जिना. आधी एक मजला, वर-खाली तीन फेऱ्या. दोन दिवस सलग भीती तीनच्या खाली राहिली की दोन मजले, मग चारही. त्यानंतर सकाळी तलावपाळीला चालणं. पाच मिनिटं रमतगमत, दहा मिनिटं भरभर, शेवटची पाच पुन्हा सावकाश. भरभर म्हणजे किती? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतकं. दर आठवड्याला मधला वेळ तीन-चार मिनिटांनी वाढवत आठवड्याची १५० मिनिटं गाठायची. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेलं किमान प्रमाण तेवढंच आहे. सर्वांत शेवटी स्टेशनचा पूल: आधी रविवारी दुपारी, मग कामाच्या दिवशी संध्याकाळी. जागा बदलणं महत्त्वाचं असतं. मेंदूची जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा धडा बसतो. आणि तो फक्त जिन्यावर शिकलेला असेल तर पुलावर आठवत नाही.

गाडं अडतं ते बहुतेक ठरलेल्या ठिकाणी. घड्याळात सारखी नाडी बघणं, पर्समध्ये ‘असू दे’ म्हणून गोळी ठेवणं, नवऱ्याला सोबत नेणं. यामुळे ‘मी वाचले’ याचं श्रेय त्या वस्तूला किंवा माणसाला जातं, मेंदू काही शिकत नाही. दुसरी चूक, धडधड वाढताच खाली बसून मोठमोठे श्वास घेणं. शरीर स्वस्थ असताना असे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या आणि गरगर त्यानेच येते. चालताना स्नायू तो वायू तयार करत असतात, म्हणून तिथे श्वास वाढला तरी सहसा मुंग्या येत नाहीत. हे कळल्यावर बाईंचा चेहरा बराच निवळला. तिसरी चूक, भरभर चालून एकदम थांबणं. पायांत रक्त साठतं, डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते आणि माणूस तिला अटॅक समजतो. उपाशीपोटी दोन कप चहा घेऊन निघालं तर छातीत धडधड आधीपासूनच असते, हेही लक्षात ठेवावं.

‘मग गोळ्या बंद करू?’ हा प्रश्न येतोच. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात पॅनिकच्या ४६ रुग्णांना तीन गटांत विभागलं होतं: धावण्याचा व्यायाम, औषध आणि औषधासारखी दिसणारी निव्वळ कोरी गोळी. दहा आठवड्यांनी व्यायामाचा गट कोऱ्या गोळीच्या गटापेक्षा स्पष्टपणे बरा होता, पण औषधाचा गुण लवकर आणि जास्त आला. आमचा सल्ला त्यामुळे ठाम आहे: व्यायाम गोळ्यांच्या जोडीने करावा आणि डोस मानसोपचारतज्ज्ञांनीच कमी करावा. प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे आकड्यांवर न जाता ‘बोलता येतं, गाणं येत नाही’ या खुणेवर विसंबावं.

मे महिन्यात बाईंचा फोन आला, “पुन्हा सुरू झालं वाटतं, तलावपाळीच्या निम्म्या फेरीतच धडधड.” ठाण्यातल्या त्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही आणि अंग थंड ठेवायला हृदयाला जास्त काम पडतं, त्यामुळे त्याच वेगाला नाडी वाढणं साहजिक होतं. वेळ सकाळी सहावर आणली, मधली भरभर मिनिटं आठवडाभर निम्मी केली, निघण्याआधी पेलाभर पाणी आणि एक केळं. चालणं मात्र एकाही दिवशी बंद ठेवायचं नाही, असं ठरलं.