जर्मनीत पत्त्याची नोंदणी

प्रश्न : माझी मुलगी उच्च शिक्षणासाठी नुकतीच जर्मनीत गेली आहे. खोली मिळाली, पण घरमालक नोंदणीसाठी लागणारे पत्र देण्यास टाळाटाळ करत आहे. तिने काय करावे?

उत्तर : राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करणे तेथे बंधनकारक असून त्यासाठीचे पत्र देणे हे घरमालकाचे कायदेशीर कर्तव्यच असल्याने, तिने ते ईमेलने लेखी मागावे आणि तरीही न मिळाल्यास नोंदणी कार्यालयाला तसे विनाविलंब कळवावे. नोंदणीनंतर कर क्रमांक टपालाने येतो. त्यासाठी टपालपेटीवर तिचे आडनाव ठळकपणे चिकटवलेले हवे. आपल्याकडचा पोस्टमन माणूस ओळखतो, तिथला पेटीवरचे नाव पाहतो, आणि ते नसले की पत्र परत जाते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवावी.