उखाण्यातलं यमक आणि गर्दीतली उपमा

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

दादरच्या लग्नात ताईने नाव घेतलं आणि तू फोनवर विचारलंस, "पहिल्या ओळीत चांदीचं ताट, दुसऱ्या ओळीत जिजूंचं नाव. दोघांचा संबंध काय? पुस्तकातलं यमक ते हेच का? आणि उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ओळखायचे कसे?" फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र.

आधी रीत. पूर्वी बायका एरवी नवऱ्याचं नाव उच्चारत नसत. माप ओलांडताना, हळदीकुंकवाला, डोहाळेजेवणाला ते घ्यायची वेळ आली की दोन ओळींत गुंफून घ्यायच्या. आता नवरदेवही उखाणा घेतो, ते मला फार आवडतं. पहिली ओळ बहुतेक वेळा यमकाची सोय म्हणूनच येते. हा बघ एक:

वडीलधाऱ्यांचा करते मनापासून आदर,
…रावांचं नाव घेते, माहेर माझं दादर.

नाव ओळीच्या शेवटी नाही, हे लक्षात आलं का? शेवटी ठेवलं असतं तर प्रत्येक नावासाठी नवं यमक शोधावं लागलं असतं. ते आधी घेतलं की शेवट मोकळा राहतो आणि एकच उखाणा चाळीतल्या सगळ्याजणींना चालतो.

आता यमक. ठराविक जागी, बहुधा ओळीच्या शेवटी, तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने पुन्हा आली की यमक होतं. नुसतं शेवटचं अक्षर जुळणं म्हणजे काठावर पास. आदर, दादर, सादर, चादर यांत 'आ'पासून पुढचं सगळं सारखं आहे, म्हणून कान तृप्त होतो. दादर आणि नगर यांत शेवटी 'र' असूनही ती गोडी नाही. 'वेगळ्या अर्थाने' हे शब्द मुलं पाठ करताना गाळतात. दोन्ही ओळींच्या शेवटी दादर स्टेशनच आलं तर ती नुसती पुनरुक्ती. पण जिन्यालाही दादर म्हणतात. एका ओळीत जिना आणि दुसरीत स्टेशन आलं, तर अख्खा शब्द तोच राहूनही यमक साधतं.

तू संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी ताईला करून दिलेल्या उखाण्यात 'साखर'ला 'भाकर' जोडलं आहेस. 'ख'ला 'क' आला, तिथे पाय घसरला. 'पाखर' घे:

दुधात हळूच विरघळली साखर,
…रावांच्या घरी मायेची पाखर.

पहिल्या ओळीत १४ अक्षरं आहेत, दुसरीत नाव सोडून ११. जिजूंचं नाव तीन अक्षरी, म्हणजे तोल बरोबर. उखाण्यात अक्षरं काटेकोर मोजत नाहीत, पण एक ओळ फार लांबली की म्हणताना धाप लागते. आणि इथे पहिली ओळ नुसती सोय राहिली नाही, बघ. साखर दुधात मिसळते तशी सून घरात मिसळली, हे न बोलता कळतं.

इथून उपमेकडे जाऊ. ज्याचं वर्णन करायचं ते उपमेय, ज्याची तुलना द्यायची ते उपमान, दोघांत सारखा असलेला गुण तो साधारणधर्म आणि सारखेपणा सांगणारा तो साम्यवाचक शब्द. 'लोकलची गर्दी समुद्रासारखी उसळली' यात गर्दी उपमेय, समुद्र उपमान, उसळणं साधारणधर्म, 'सारखी' साम्यवाचक. ही उपमा. आता हीच गर्दी थोडी थोडी बदलू. 'गर्दी उसळली, जणू भरतीचा समुद्रच' ही उत्प्रेक्षा, कारण गर्दी म्हणजे समुद्रच असावा अशी कल्पना केली. 'गर्दीच्या समुद्रात आम्ही बुडालो' हे रूपक, दोन्ही एकच मानले. 'ही गर्दी नव्हे, समुद्रच' म्हटलं, म्हणजे उपमेय नाकारलं, की अपन्हुती. 'समुद्राने लाजावं अशी गर्दी' हा व्यतिरेक, इथे उपमेय वरचढ ठरलं.

चूक होते ती एकेका शब्दावर झडप घातल्याने. 'पाऊस सारखा पडतोय' यात 'सारखा' म्हणजे सतत, तिथे उपमा शोधू नकोस. 'दादर चौपाटी गिरगाव चौपाटीसारखी आहे' यातही अलंकार नाही. दोन्ही वाळूचे किनारेच, कल्पनेने काही जोडलेलं नाही. शब्द सापडला तरी आधी उपमेय आणि उपमान यांवर बोट ठेव, ती दोन वेगळ्या जातीची आहेत ना ते बघ, मग अलंकाराचं नाव लिही.

यादी लांबलचक वाटली तरी घाबरू नकोस. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यांतले तीन तुला आत्ताच आले.

अभंगाचंही विचारलं होतंस. मोठ्या अभंगात ६, ६, ६, ४ अशी २२ अक्षरं असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत येतं:

दादर स्थानक । गर्दीने भरले ।
पाऊल अडले । जिन्यावर ॥

बोटांवर मोज. 'स्था', 'र्दी', 'न्या' ही जोडाक्षरं प्रत्येकी एकच धरायची, तिथेच मोजणी चुकते. आता परळवर एक कर आणि वहीचा फोटो पाठव. खाली चारी चरणांचे आकडेही लिही.

तुझी,
आई